मरीन ड्राइव्हवर विमान उतरवाल का?

गेल्या अंकात वैमानिकाच्या परवान्याला काय लागतं ते लिहिलं होतं: बारावीला फिजिक्स-गणित, वयाची १८ वर्षं पूर्ण, क्लास वन मेडिकल, २०० तासांचं उड्डाण. त्यावर पत्रं आली ती मात्र परवान्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल. परवाना हातात आलेली मुलं मुलाखतीहून घरी येतात, तिथे भलतंच काही विचारलं म्हणून सांगतात, आणि घरच्यांचा विश्वास बसत नाही. विश्वास ठेवा. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहे आणि दोन्हीकडून असले प्रश्न ऐकले आहेत, काही विचारलेही आहेत. या वेळचं सदर त्या पत्रांसाठी. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत. नोकरी अजून लागायची आहे, उगाच कुणाची पंचाईत नको.

प्रश्न : मला मुलाखतीत विचारलं, ‘मरीन ड्राइव्हवर विमान उतरवाल का?’ मी ‘नाही सर’ म्हटलं. ते म्हणाले, ‘का नाही? लांबी तर आहे.’ मला पुढे काही सुचलंच नाही. बरोबर उत्तर काय होतं?
— सी.पी.एल. (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालेला मुलगा, डोंबिवली

उत्तर : लांबी आहे, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरच्या आसपास भरतो आणि आपल्या विमानतळाची मुख्य धावपट्टी, ०९/२७, ही ३,४४८ मीटरची. म्हणजे विचारणारा घरून तयारी करून आला होता. तू ‘नाही’ म्हणालास तेही चूक नाही. पण ‘नाही’ म्हणून गप्प बसलास, तिथे गाडी अडली.

धावपट्टी सरळ असते, मरीन ड्राइव्ह म्हणजे राणीचा हार, तो वळलेला आहे. एअरबस ए-३२० या नेहमीच्या प्रवासी विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ ३६ मीटर. रस्त्यात दिव्यांचे खांब, दुभाजक, सिग्नल, आणि रात्री दोन वाजतासुद्धा कठड्यावर बसलेली माणसं. हे सगळं पटापट सांगितलं असतंस तर निम्मे मार्क. उरलेले निम्मे उलट प्रश्न विचारण्याला होते. सर, कोणतं विमान? किती उंचीवर आहे? इंजिनं चालू आहेत की बंद? कारण इंजिनं चालू असतील तर मी गिरगावावर घिरट्या घालतोय कशाला? विमानतळ तिथून वीसेक किलोमीटर उत्तरेला आहे, तिकडे जाईन. आणि दोन्ही इंजिनं बंद असतील, उंची नसेल, तर रस्त्याला लागूनच समुद्र आहे. तिथे खांब नाहीत, माणसं नाहीत. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून उडालेल्या ए-३२० च्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले, तेव्हा कॅप्टन सलेनबर्गर यांना कंट्रोलरने जवळचे विमानतळ देऊ केले होते. तिथवर पोहोचणार नाही हे ओळखून त्यांनी हडसन नदी धरली. १५५ च्या १५५ जण वाचले. मुंबईच्या मुलाखतीत मरीन ड्राइव्ह आला की त्याच्यामागे हडसन उभी असते, एवढं ध्यानात ठेव.

या प्रश्नाचा एक धाकटा भाऊ आहे, तोही मुंबईचाच. ‘उतरलात, विमान थांबलं, आणि कळलं की हे सांताक्रूझ नाही, जुहू आहे. आता?’ उमेदवार हसतात. हसू नये, कारण हे घडलेलं आहे. १९५३ मध्ये एक ब्रिटिश कॉमेट जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं, ते काही दिवसांनी तिथूनच उडवून नेलं. १९७२ च्या सप्टेंबरात एक जपानी डीसी-८ तसंच जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपल्यावर पुढे गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. जुहू आणि सांताक्रूझ किती जवळ आहेत हे पार्लेकरांना सांगायला नको. या प्रश्नाचं उत्तर साधं आहे: थांबा, टॉवरला खरं सांगा, प्रवाशांना खरं सांगा, आणि विमान जागचं हलवू नका. मी हा प्रश्न विचारत असे तेव्हा चांगली हुशार मुलं मला टेक-ऑफचं गणित मांडून दाखवायला लागायची. धावपट्टी किती, वजन किती कमी करू, फ्लॅप किती ठेवू. अहो, तुम्हाला परत उडायला सांगितलं कुणी?

प्रश्न : मॅनहोलचं झाकण गोल का असतं, हे वैमानिकाला विचारण्यात काय अर्थ आहे?
— भांडुप

उत्तर : काही अर्थ नाही. गोल झाकण कसंही फिरवलं तरी स्वतःच्या भोकातून खाली पडत नाही, चौकोनी झाकण कर्णात तिरकं धरलं की पडतं. हा प्रश्न सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींतून फिरत फिरत आमच्याकडे आला. आता सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे विचारून कळत काहीच नाही. मुंबईत विचारायचंच तर झाकण जागेवर नसेल तर काय कराल हे विचारावं.

प्रश्न : माझ्या मुलाला विचारलं, ‘उद्या सकाळी ८ ची फ्लाइट आहे. रात्री १० वाजता हॉटेलच्या बारमध्ये तुमचा कॅप्टन बिअरचा ग्लास घेऊन बसलेला दिसला. काय कराल?’ मुलगा म्हणाला, ‘ते मोठे आहेत, मी काय बोलणार?’ घरात आम्ही त्याला हेच शिकवलं आहे. त्याला घेतलं नाही. संस्कार आड आले का?
— एक वडील, मुलुंड

उत्तर : आले, साहेब. स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

आधी नियम. आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास दारूचा थेंब चालत नाही. रात्री दहा ते सकाळी आठ, दहाच तास होतात. प्रश्नातले आकडे त्यासाठीच तसे निवडलेले असतात आणि निम्म्या उमेदवारांच्या ते लक्षात येत नाही. उड्डाणाआधी यंत्रात फुंकर मारावी लागते, त्यात शून्यच यायला हवं. अल्कोहोल असलेला माऊथवॉशही चालत नाही. पहिल्यांदा सापडलात तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द.

मग उमेदवार. काही जण तुमच्या मुलासारखे, ‘मी कोण बोलणारा’. काही जण ताडकन म्हणतात, ‘लगेच कंपनीला फोन लावतो.’ त्यांना वाटतं हे शूर उत्तर आहे. मला ही दुसरी मंडळी जास्त घाबरवतात. ग्लासात काय आहे ते पाहिलं का? आलं-लिंबू सोडा असेल. तो माणूस उद्याच्या फ्लाइटवर आहे की त्याचं रोस्टर दुपारी बदललं? काही माहीत नसताना एखाद्याच्या नोकरीवर गदा आणणारा माणूस उद्या एकाच दिव्यावर विसंबून चांगलं चाललेलं इंजिन बंद करील.

ऐकावंसं वाटणारं उत्तर असं असतं: मी त्यांच्या टेबलाशी जाईन, नमस्कार करीन, बसीन. ‘सर, सकाळी आठचं आपणच करतोय ना?’ एवढं म्हटलं की दहातले नऊ जण ग्लास बाजूला सरकवून तुमच्याकडे पाहतात. बिअर असेल, त्यांनी घेतली असेल, तर सांगायचं, ‘सर, उद्या उडू शकत नाही असं तुम्ही कळवा. तुम्ही नाही कळवलंत तर मला कळवावं लागेल.’ आणि नाही कळवलं तर खरोखरच कळवायचं. यात कुठे उद्धटपणा आहे? ‘अहो’ म्हणूनही माणसाला थांबवता येतं. आपल्या घरांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या आहेत.

हे एवढं ताणून लिहिते त्याला कारण आहे. २७ मार्च १९७७, टेनेरिफ. धुक्यात दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर. डच विमानाचा कॅप्टन कंपनीतला फार मोठा माणूस, नावाजलेला प्रशिक्षक. त्याने टेक-ऑफचा धाव सुरू केला तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते पॅन ॲम (दुसरं, अमेरिकन विमान) अजून बाहेर गेलं नाही का? कॅप्टन म्हणाला, गेलं. इंजिनिअर पुढे बोलला नाही. ५८३ माणसं गेली. आज जगभर क्रूला जे शिकवतात, हाताखालच्याने बोलायचं आणि वरच्याने ऐकायचं, त्यातलं बरंचसं त्या अपघातातून आलं. तुमच्या मुलाला ही गोष्ट वाचायला द्या, पुढच्या मुलाखतीत तो वेगळं बोलेल. मोठ्यांचा मान ठेवायची त्याची सवय मात्र मोडू नका. कॉकपिटमध्ये तीही लागते, दिवसाचे आठ-दहा तास दोघांना एकाच खोक्यात काढायचे असतात.

प्रश्न : ‘मुंबईच्या धावपट्टीवर पावसाचं किती टन पाणी असतं?’ असा प्रश्न बहिणीला आला. हे कुणाला माहीत असणार?
— विद्याविहार

उत्तर : कुणालाच नाही, म्हणून तर विचारलं. पण काढता येतं. लांबी ३,४४८ मीटर, रुंदी ६० धरा. चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, १ किलो. ३ मिलिमीटर साचलं असेल तर साधारण ६२० टन. कागद न घेता ‘सहाशेच्या आसपास’ म्हणाली असती तरी पुरे होतं.

३ मिलिमीटर का धरलं, ते विचारा. त्याहून जास्त पाणी साचलं की आमच्या लेखी ती धावपट्टी नुसती ओली राहत नाही, थांबायला किती अंतर लागेल त्याचे तक्तेच बदलतात. इथून बहिणीने पुढे बोलायला हवं होतं. चाकातल्या हवेचा दाब २०० पीएसआय धरा, त्याचं वर्गमूळ १४ च्या थोडं वर, गुणिले ९, आले १२७ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल). त्याहून जास्त वेगात टायर पाण्यावर तरंगतो, ब्रेक दाबून उपयोग नसतो. आणि आपली जेट विमानं टेकतात ती साधारण १३० ते १४० नॉटला. म्हणजे मुंबईच्या पावसात टेकल्यानंतरचे पहिले काही क्षण विमान पाण्यावर असू शकतं. म्हणून पावसात अलगद उतरवायचं नसतं, जरा आपटूनच टेकवायचं असतं. तुम्ही प्रवासी मागे बसून ‘काय हा पायलट’ म्हणता, तेव्हा तो बहुधा बरोबर करत असतो. जुलै २०१९ मध्ये एक विमान मुख्य धावपट्टीच्या टोकाच्या पुढे जाऊन रुतलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली, ते तुम्हाला आठवत असेल. तेही पावसातच.

सांताक्रूझला २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. त्याचं टनांत गणित करून बघा. धावपट्टीपुरतंच जवळजवळ दोन लाख येतं. मला असले हिशेब आवडतात, प्रश्नही आवडतो. मॅनहोलपेक्षा शंभर पटींनी बरा.

प्रश्न : मी निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक. पुतण्याला विचारलं, ‘बंद गाडीत हेलियमचा फुगा दोरीला बांधलाय. गाडीने वेग घेतला तर फुगा कुठे जाईल?’ त्याने ‘मागे’ सांगितलं, पॅनलने ‘पुढे’ म्हटलं. जडत्वाच्या नियमाने मागेच जायला हवा. पॅनल चुकलं ना?
— दादर

उत्तर : गुरुजी, पॅनल बरोबर आहे. जडत्वाचा नियमही बरोबर आहे, फक्त तो फुग्याआधी गाडीतल्या हवेला लावायचा. हवा फुग्यापेक्षा जड. ती मागे सरते, मागचा दाब वाढतो, आणि हलका फुगा पुढे ढकलला जातो. विश्वास नसेल तर शिवाजी पार्कला गॅसचा फुगा घ्या, टॅक्सीच्या काचा वर करा आणि सिग्नल सुटायची वाट बघा. ड्रायव्हरला आधी कल्पना द्या.

पुतण्याला मात्र सांगा की हा शाळेतला प्रश्न त्याच्या धंद्यातला आहे. वेग वाढला की जड गोष्टी मागे जातात, आपल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्रसुद्धा. आणि त्याला वेग वाढणं आणि नाक वर होणं यातला फरक कळत नाही. मुंबईहून रात्री २७ वरून, म्हणजे मुख्य धावपट्टीवरून समुद्राच्या दिशेने, उडा. मिनिटाभरात खाली काळा समुद्र, समोर काळं आकाश, क्षितिज नाही. इंजिनं पूर्ण जोरात. शरीर ओरडून सांगतं, नाक फार वर गेलंय, खाली घे. ज्याने शरीराचं ऐकलं तो पाण्याकडे निघाला. ऑगस्ट २००० मध्ये बहारीनला एक ए-३२० रात्री उतरताना पुन्हा वर उठलं आणि वळसा घेताना समुद्रात गेलं, १४३ जण गेले. चौकशीत हाच भ्रम निघाला. तेव्हा काचेबाहेर बघायचं नाही, पोटातलं ऐकायचं नाही, यंत्रावर डोळे ठेवायचे. फुग्यावरून इथवर आलेला उमेदवार मी उठून उभी राहून निवडला असता.

प्रश्न : मुलीला विचारलं, ‘लग्न झाल्यावर काय करणार?’ असं विचारू शकतात का? तिने काय म्हणायला हवं होतं?
— एक आई, ठाणे

उत्तर : विचारतात. विचारू नये. मुलांना विचारत नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे.

माझ्या वेळी एका पॅनलने मला ‘सासरचे परवानगी देतील का?’ असं विचारलं होतं. मी म्हटलं, ‘परवानगी डीजीसीए देतं.’ (डीजीसीए म्हणजे वैमानिकांना परवाने देणारं सरकारी खातं.) दोघे हसले, तिसरे हसले नाहीत. नोकरी मिळाली, तिसऱ्यांच्या हाताखाली पुढे काम करावं लागलं, आणि ते माझ्या लँडिंगवर शेवटपर्यंत खूश नव्हते. म्हणून मुलीला माझं उत्तर वापरायचा सल्ला देत नाही.

तिने शांतपणे म्हणावं, ‘रोस्टर जे असेल ते करीन. रजा लागली तर कायद्यात आहे तेवढी घेईन, आणि परत येऊन सिम्युलेटर चेक देईन.’ बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे आहे, कुणाच्या उपकाराची नाही. उत्तर एवढंच. सबब नाही, आश्वासन नाही, ‘मी लग्नच करणार नाही’ तर मुळीच नाही. मुली घाबरून तसं म्हणून बसतात आणि मला फार वाईट वाटतं. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्येच फोकर फ्रेंडशिप सगळ्या स्त्रियांच्या क्रूसह उडवलं होतं. आज वैमानिकांत स्त्रियांचा वाटा भारतात जगाच्या सरासरीहून कितीतरी जास्त आहे. एवढं होऊनही हा प्रश्न टेबलावर येतो, आणि विचारणारा कधीकधी माझ्याहून तरुण असतो. हा प्रश्न विचित्र नाही, नुसता वाईट आहे. दोन्हींत फरक करायला मुलीला शिकवा.

प्रश्न : रेडिओच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी टेबलाकडे बोट दाखवून विचारलं, ‘विमानाची अँटेना याच्या निम्मीच का?’ अभ्यासक्रमात टेबल कुठे आहे?
— नेरुळ

उत्तर : टेबल नाही, तरंगलांबी आहे. १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी तुला पाठ असणारच. ३०० भागिले १२१.५, तरंगलांबी सुमारे २.४७ मीटर. अँटेना तिच्या पाव लांबीची ठेवतात, म्हणजे ६२ सेंटिमीटर. टेबल सव्वा मीटरचं असेल, झालं निम्मं.

आर.टी.आर.ची ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. २०२५ च्या जानेवारीत लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती विमान वाहतुकीच्या बाजूला आणली. जुने परीक्षक रेडिओवाले असायचे, विमानवाले नव्हेत, त्यामुळे ते विमानाकडे अँटेनाला जोडलेली वस्तू म्हणून बघायचे. त्यांची एक आवड सांगते, अजूनही उपयोगी पडेल: ‘३६,००० फुटांवर आहात, मुंबईचा आवाज कुठवर येईल?’ उंचीचं वर्गमूळ १९०, गुणिले १.२३, म्हणजे सुमारे २३३ नॉटिकल मैल. सरळ रेषेत जाणारी लहर आहे, पृथ्वी वळली की संपली. आकडा सांगून थांबू नकोस, ‘त्यापलीकडे समुद्रावर एच.एफ.’ (लांब पल्ल्याचा रेडिओ) असंही म्हण.

प्रश्न : मी मराठी शाळेत शिकलो. वडील बेस्टमध्ये ड्रायव्हर. मुलाखतीत विचारलं, ‘बस चालवणं कठीण की विमान?’ माझी टर उडवत होते का? इंग्रजीत नीट उत्तर देता आलं नाही.
— कुर्ला

उत्तर : टर उडवत होते की नाही ते मी तिथे नव्हते म्हणून सांगू शकत नाही. पण तसं धरून चालू नकोस. मला हा प्रश्न सुचला असता तर मीही विचारला असता, कारण त्या खोलीत त्याचं खरं उत्तर फक्त तुझ्याकडे होतं.

वडिलांना विचार. लालबागच्या गर्दीत, गणपतीच्या दिवसांत, डबल डेकर वळवताना ते कुठे बघायचे? मागचं चाक कुठून जाईल हे कसं ओळखायचे? ब्रेक कमी लागतोय हे पायाला कधी कळायचं, आणि डेपोच्या वहीत ते काय लिहायचे? त्यांना ऑटोपायलट नव्हता, शेजारी दुसरा ड्रायव्हर नव्हता, आणि समोर कोण उडी मारील याची चौकशी करायला कंट्रोलर नव्हता. मात्र काही बिघडलं तर बस कडेला लावता यायची. आम्हाला आकाशात कड नाही, म्हणून आम्ही सगळं आधी ठरवून निघतो: इंधन किती, दुसरा विमानतळ कोणता, इंजिन गेलं तर कोणत्या बाजूला वळायचं. हे चार वाक्यांत बोललास तर पॅनलमधला एक तरी माणूस पेन खाली ठेवून ऐकेल.

इंग्रजीचं म्हणशील, तर आंतरराष्ट्रीय मोजपट्टी सहा पायऱ्यांची आहे आणि चौथी पुरते. त्यात उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, समज आणि संवाद बघतात. साहेबासारखं बोलणं कुठेही लिहिलेलं नाही. उच्चार मराठी वळणाचा असला तरी चालतो, समोरच्याला कळला पाहिजे. रोज वीस मिनिटं मोठ्याने बोल, भिंतीशी बोल, आणि अडलास की ‘से अगेन’ म्हणायला लाजू नकोस. रेडिओवर आम्ही सगळेच म्हणतो.

प्रश्न : हवाई दलाच्या निवड मंडळात मुलाला विचारलं, ‘या खोलीपर्यंत किती पायऱ्या चढलात?’
— बोरिवली

उत्तर : मोजल्या नसतील तर ‘मोजल्या नाहीत, सर’ म्हणायचं. आकडा ठोकून दिला की पुढचा प्रश्न ‘नक्की?’ असतो आणि मग माणूस खड्ड्यात उतरत जातो. तिथे याहून मोठी काळजी वेगळी: वैमानिक म्हणून निवडीची जी यंत्रावरची चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. पायऱ्यांचं सोडा, आदल्या रात्री त्याला झोपू द्या.

प्रश्न : माझ्या लॉगबुकातल्या (उड्डाणांच्या नोंदवहीतल्या) एका रात्रीच्या उड्डाणावर पंधरा मिनिटं उलटतपासणी झाली. चंद्र होता का, धावपट्टीच्या डावीकडे काय होतं, इंधन कुठे भरलं, उतरल्यावर काय खाल्लं! याचा उडवण्याशी काय संबंध?
— विरार

उत्तर : न उडवण्याशी आहे. या धंद्यात न उडताच वहीत तास लिहिण्याचे प्रकार झाले आहेत. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर परवाने घेतलेले वैमानिक पकडले गेले, अटकाही झाल्या. तेव्हापासून पॅनल कागदाकडे संशयाने बघतं, आणि ते बरंच आहे. जो खरंच रात्री एकटा उडाला त्याला चंद्र आठवतो. कारण चंद्र नसेल तर जमीन कुठे संपते ते दिसत नाही आणि पोटात गोळा येतो. ज्याने खोलीत बसून लिहिलं तो ‘हो, सुंदर चांदणं होतं’ म्हणतो, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेला अमावास्या निघते. माझ्याबरोबर एक गृहस्थ पॅनलवर बसायचे, ते बॅगेत मागच्या दोन-तीन वर्षांची कालनिर्णयं घेऊनच यायचे.

तू उडाला आहेस, मग चिडू नकोस. आठवत नसेल तर नाही आठवत म्हण, सगळं आठवणाऱ्यावरही आम्हाला संशय येतो. मुलाखतीआधी एक संध्याकाळ स्वतःचं लॉगबुक पहिल्या पानापासून वाच. प्रत्येक पानाच्या तळाची बेरीज परत कर, पुढच्या पानावर नेलेला आकडा जुळतो का बघ, खाडाखोड असेल तिथे सही आहे का बघ. पहिलं सोलो, सर्वांत लांबचं क्रॉस-कंट्री आणि ज्या दिवशी हवा बिघडून परत फिरलास तो दिवस, या तीन नोंदींवर हमखास विचारतात. परत फिरल्याची नोंद असेल तर ती स्वतःहून दाखव. आणि मूळ वही ने, झेरॉक्स चालत नाही.